साडूभाऊंची बिनकाचेची टॉर्च

माझ्या साडूभाऊंइतका भित्रा आणि त्याच वेळी इतका धाडसी माणूस मी उभ्या अमेरिकेत दुसरा पाहिला नाही. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे नागपूरचे, शिक्षणाने इलेक्ट्रिकल इंजिनिअर आणि पोटापाण्यासाठी शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या एका विमा कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर. दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायच्या हे त्यांचं काम, आणि हे काम ऑफिस सुटलं की संपतं, असं त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. कुणाच्याही घरी गेले की बूट काढून झाल्यावर पहिली नजर छताकडे. स्मोक अलार्म दिसला की घरच्या बाईंकडे झाडू मागायचा, दांड्याने अलार्मचं बटण दाबायचं आणि तो किंचाळला की मगच सोफ्यावर टेकायचं. एकदा एका घरी सत्यनारायणाची कथा ऐन रंगात आलेली असताना त्यांनी हा प्रयोग केला. गुरुजी पोथी सोडून उभे राहिले, दोन तान्ही मुलं भोकाड पसरून रडू लागली, प्रसादाचा शिरा ढवळणाऱ्या बाईंच्या हातातला कालथा खाली पडला. साडूभाऊ झाडू कोपऱ्यात ठेवत शांतपणे म्हणाले, "अलार्म ओके आहे. कथा कंटिन्यू करा."

आणि गंमत अशी, की हाच माणूस स्वतःच्या छातीत कॉलेजपासून सिगारेटचा धूर भरत आला होता. माझ्या गाडीच्या टायरमधली हवा कमी आहे म्हणून त्यांनी मला भर हायवेवरून परत फिरवलं आहे, आमच्या कुकरची रिंग वाळली आहे म्हणून वरणभात होऊ दिलेला नाही; पण स्वतःच्या फुप्फुसांचा विषय निघाला की ते खिडकीबाहेर बघायचे. शिकागोकडच्या हिवाळ्यात गॅरेजचं दार अर्धं वर करून, एक जाडजूड जॅकेट घालून ते ओढत उभे राहायचे. त्या जॅकेटला घरात प्रवेश नव्हता. ते बिचारं वर्षभर गॅरेजमध्ये खिळ्यावर लटकलेलं असायचं. सोडायचे प्रयत्न त्यांनी केले नाहीत असं नाही. निकोटिनचा चुइंगगम आणला, तो ते दोन सिगारेटींच्या मध्ये चघळायचे. दंडाला लावायच्या पट्ट्या आणल्या, त्या लावून वर सिगारेट ओढल्यावर चक्कर आली आणि दोष पट्टीवर गेला. मग लवंगा सुरू झाल्या. इंडियन ग्रोसरीतून आणलेलं लवंगांचं अख्खं पाकीट त्यांनी आठवड्यात फस्त केलं आणि माझ्या मेव्हणीला दिवाळीचा मसालेभात बिनलवंगेचा करावा लागला. सिगारेट होती तिथेच राहिली.

मग दोन हजार आठ सालच्या वसंतात एक गोष्ट घडली. लग्नाला बरीच वर्षं होऊन, डॉक्टरांचे उंबरे झिजवून, आता नाहीच असं मनाशी ठरवून टाकल्यावर माझ्या मेव्हणीला दिवस गेले. बातमी सांगायला दोघं आमच्याकडे आले तेव्हा साडूभाऊंनी छताकडे पाहिलंसुद्धा नाही. मेव्हणी आणि माझी बायको आतल्या खोलीत एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या आणि बाहेर साडूभाऊ मला म्हणत होते, "यार, बाळ यायच्या आत ही सिगारेट सुटली पाहिजे. मी हिला प्रॉमिस केलंय. या वेळी नाही सुटली नं, तर मग कधीच नाही सुटत." हसण्यावारी नेण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

त्या सुमारास विजेवर चालणाऱ्या सिगारेटी नुकत्याच येऊ लागल्या होत्या. साडूभाऊंनी इंटरनेटवरून एक मागवली. पेनाएवढी नाजूक वस्तू, पुढे लाल दिवा. चार झुरक्यांत ती गार व्हायची आणि मग साडूभाऊ गॅरेजकडे निघायचे. महिन्याभरात त्यांनी ती उघडून, तिच्यातल्या सगळ्या चुका काढून, नापास करून टाकली. मग कुठल्यातरी फोरमवर त्यांना असं दिसलं, की काही हौशी लोक टॉर्चच्या नळकांड्यात मोठी बॅटरी घालून घरच्या घरी हे यंत्र बनवतात. आत चिप नाही, सर्किट नाही. बॅटरी, बटण आणि वर तापणारी तार, बस. बटण दाबलं की तार तापते, तिच्याभोवतीच्या निकोटिनच्या रसायनाची वाफ होते, ती ओढायची. ही वाफ तरी निर्धोक आहे का, हे तेव्हा कुणालाच धड ठाऊक नव्हतं. साडूभाऊंनाही नव्हतं. "धुरापेक्षा बरी असेल, एवढंच म्हणतो मी," ते म्हणाले, "आणि हळूहळू हीपण सोडायची."

ही टॉर्च निवडायला मी त्यांच्याबरोबर हार्डवेअरच्या दुकानात गेलो होतो, आणि सांगतो, मुलीसाठी स्थळ बघणारा बापसुद्धा एवढ्या चौकशा करत नाही. दिसायला छान, चकचकीत टॉर्च त्यांनी हातात घेऊन लगेच परत ठेवल्या. त्यांना बघायचे होते आटे. झाकण फिरवून ते डोळे मिटून घ्यायचे आणि आटे अडतात का, घासतात का, हे बोटांनी ऐकायचे. मग मागचं बटण. दाबल्यावर ते आपण होऊन वर यायला हवं, अडकून बसता कामा नये. दुकानातला पोरगा दोनदा येऊन "कॅन आय हेल्प यू, सर?" विचारून गेला आणि तिसऱ्यांदा लांबूनच बघत राहिला. शेवटी एक जाड पितळी अंगाची, दिसायला अगदीच गबाळी टॉर्च पसंत पडली. घरी आणून त्यांनी तिची काच आणि बल्ब काढून टाकले, बटणाला एक फिरकीची कडी बसवली, म्हणजे कडी फिरवून ठेवली की बटण दाबलंच जाऊ नये, आणि अंगाला ड्रिलने तीन भोकं पाडली. एवढी चांगली वस्तू भोकं पाडून कशाला खराब करता, असं मी विचारलं. त्यांनी मला गॅरेजमधल्या खुर्चीवर बसवलं. "उद्या बॅटरी बिघडली, आत गॅस झाला, तर त्याला बाहेर यायला वाट पाहिजे की नको? वाट नसेल तर तो स्वतः करून घेतो. मग ती टॉर्च नाही राहत, बॉम्ब होतो. आणि लक्षात ठेव, याच्यात चिप नाही. चिप नाही म्हणजे अक्कल नाही. अक्कल आपण पुरवायची."

अक्कल पुरवण्याचं हे काम साडूभाऊंनी अशा निष्ठेने चालवलं, की घरादाराच्या नाकी नऊ आले. वरची तार बदलली की ती मल्टिमीटरने मोजल्याशिवाय बॅटरीला भेटू द्यायची नाही. बॅटरीवरच्या प्लॅस्टिकच्या सालीला बारीकसा जरी ओरखडा दिसला तरी ती बॅटरी बाद. पुन्हा ती कचऱ्यात टाकायची नाही, गाडी काढून रिसायकलिंगच्या ठिकाणी पोचवून यायची. दर रविवारी सकाळी आंघोळ करून ते यंत्राचे सगळे भाग वर्तमानपत्रावर मांडायचे आणि कापसाचे बोळे स्पिरिटमध्ये बुडवून एकेक आटा पुसायचे. बॅटरी चार्ज व्हायची ती गॅरेजच्या सिमेंटवर, मेव्हणीच्या केकच्या ट्रेमध्ये, शेजारी वाळूची बादली, आणि त्या बादलीशेजारी फोल्डिंगच्या खुर्चीवर साडूभाऊ. चार्जर चालू असताना जागचं हलायचं नाही हा नियम. माझ्या वाढदिवसाच्या जेवणाला ते आले ते सगळ्यांची आइस्क्रीम खाऊन झाल्यावर. "बॅटरी चार्जिंगला होती," असं त्यांनी घरात कुणी आजारी असल्याच्या सुरात सांगितलं.

सुटी बॅटरी खिशात टाकायची नाही, हा त्यांचा आणखी एक नियम, आणि तो ते सगळ्या जगाला लावायचे. त्या वर्षी मंडळाच्या गणपतीत फोटो काढणारा एक नवा मुलगा कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या आणि गाडीच्या किल्ल्या एकाच खिशात खुळखुळवत हिंडत होता. साडूभाऊंनी त्याला आरतीच्या रांगेतून बाजूला घेतलं आणि एअरपोर्टवर करतात तसे त्याचे खिसे रिकामे करायला लावले. "किल्ली दोन्ही टोकांना एकदम लागली तर पँटला आग लागेल, कळतं का?" तो म्हणाला, "काका, चिल!" साडूभाऊंनी स्वतःच्या खिशातली प्लॅस्टिकची डबी काढून त्याला देऊन टाकली आणि मग ते स्वतःची बॅटरी हातात धरून सगळा कार्यक्रमभर उभे राहिले. प्रसादही त्यांनी डाव्या हाताने घेतला.

एवढं सगळं असूनही खरी गोष्ट ही, की उन्हाळा संपता संपता सिगारेट सुटत आली होती. जॅकेट आता धुऊन आत आलं होतं. रसायनातलं निकोटिनही ते थोडं थोडं कमी करत चालले होते. मेव्हणीच्या चेहऱ्यावर ते दिसायचं.

बाळंतपणासाठी माझ्या सासूबाई पुण्याहून आल्या त्या सप्टेंबरात. बॅगेत डिंक, अळीव, खारकांची पूड आणि बाळगुटीची मोठी पुडी असा सरंजाम. आपला थोरला जावई सिगारेट ओढतो हे त्या माउलीला ठाऊक नव्हतं, आणि आता सुटायच्या वेळी ते कळावं कशाला, असं घरात ठरलं. त्यामुळे यंत्राचं नाव पडलं टॉर्च. सासूबाईंनी ती हातात घेऊन सगळ्या बाजूंनी बघितली. "हिची काच कुठे आहे?" "दुरुस्तीला दिलीय, आई," साडूभाऊ म्हणाले. अमेरिकेत टॉर्चची नुसती काच दुरुस्तीला देतात याचं त्यांना मोठं कौतुक वाटलं. त्यांनी ते पुण्याला फोनवरही सांगितलं.

मग आली खंडेनवमी. आमच्याकडे सगळे सण शनिवारीच येतात, तशी तीही सोयीने शनिवारी सकाळी आली. खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजायची. साडूभाऊंच्या घरी जमलेल्या आम्हा सगळ्यांची हत्यारं म्हणजे दोन लॅपटॉप, स्वयंपाकाची सुरी, गाड्यांच्या किल्ल्या आणि साडूभाऊंचा मल्टिमीटर. साडूभाऊंनी त्यांच्या शेजारी हळूच टॉर्च आणून ठेवली. मेव्हणी दबक्या आवाजात म्हणाली, "अहो, तिला कशाला देवापुढे?" साडूभाऊ तितक्याच हळू म्हणाले, "माझी फाइट हिच्यावरच चालली आहे नं. राहू दे." त्यांच्या शिस्तीप्रमाणे त्यांनी बॅटरी काढून डबीत ठेवली होती. पण पोकळ टॉर्च उचलताच सासूबाईंच्या ते लक्षात आलं. "अहो, हिच्यात सेल नाहीत. हत्यार असं अर्धवट पुजत नाहीत, पुरतं हवं." आता सासूबाईंना काय सांगणार? साडूभाऊंनी बॅटरी घातली, कडी फिरवून बटण बंद केलं, दोनदा तपासलं आणि टॉर्च पाटावर आडवी ठेवून ते कद नेसायला आत गेले.

तेवढ्या वेळात सासूबाईंनी सगळी हत्यारं ओल्या फडक्याने पुसून काढली. टॉर्च तर त्यांनी चांगली पिळून पिळून पुसली, त्यात ती कडी फिरली. पाटावर ती गडगडते म्हणून त्यांनी ती नीट उभी करून ठेवली, बटणाच्या टोकावर, आणि पडू नये म्हणून वरून झेंडूची जाड माळ घातली.

आरती सुरू झाली. माझ्या हातात ताम्हन, साडूभाऊंच्या हातात घंटा, आणि पाटाच्या अगदी पुढ्यात, पोट सांभाळत, माझी मेव्हणी. दुसऱ्या कडव्याला हत्यारांमधून पांढऱ्या धुराची एक रेघ वर निघाली. सासूबाई प्रसन्न होऊन मला म्हणाल्या, "उदबत्ती छान आहे हो. कुठल्या दुकानातून आणली?" उदबत्ती अजून कुणी लावलीच नव्हती. साडूभाऊंची घंटा थांबली. "मागे सरका!" ते असे ओरडले की आम्ही सगळे जागच्या जागी थिजलो. त्यांनी बायकोला एका हाताने माझ्या अंगावर ढकललं, दुसऱ्या हाताने ती तापलेली टॉर्च माळेसकट उचलली, मागच्या अंगणाचं, पॅटिओचं दार पायाने सरकवलं आणि ती बाहेरच्या सिमेंटवर भिरकावली. तिच्या तिन्ही भोकांतून फसफसत करडा धूर निघाला, झेंडूची फुलं काळी पडली आणि थोड्या वेळाने सगळं शांत झालं. ती फुटली नाही. भोकं होती म्हणूनच. कद नेसलेले साडूभाऊ, तळहात भाजलेला, काचेच्या दारापाशी उभे राहून नुसते बायकोच्या पोटाकडे बघत होते.

सासूबाई तूप घेऊन धावल्या. "तूप नको आई, आधी थंड पाणी," एवढं मात्र साडूभाऊंनी त्याही अवस्थेत सांगितलं. त्यांचा हात नळाखाली धरून सासूबाईंनी विचारलं, "ती टॉर्च नव्हती ना?" साडूभाऊंनी सगळं सांगून टाकलं. सिगारेट, प्रॉमिस, चिप, अक्कल, सगळं. सासूबाई नळ चालू ठेवून तशाच उभ्या राहिल्या.

दुपारी साडूभाऊ मला म्हणाले, "चल जरा, गॅस भरून येऊ." गाडीची पेट्रोलची टाकी आदल्याच दिवशी भरली होती हे मला माहीत होतं, आणि गॅस स्टेशनच्या दुकानात काय मिळतं तेही माहीत होतं. मी नाही म्हणू शकलो नाही. गाडीत बसतो तर मागच्या सीटवर सासूबाई, शाल पांघरून, सीटबेल्ट लावून. "मीही येते. घरात बसून कंटाळले." गॅस स्टेशनवर साडूभाऊंनी गाडी बाजूला लावली, पण उतरले नाहीत. पट्टी बांधलेला हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिले. "आई, माझ्या त्या वस्तूमुळे आज हिला काही झालं असतं तर?" ते म्हणाले. "ती मी आता पुन्हा घरात आणणार नाही. आणि ती नसेल तर मग मला सिगारेट लागणार. माझ्याने नाही होत."

सासूबाईंनी शांतपणे उत्तर दिलं, "मग जा, आणा. पण यापुढे गॅरेजमध्ये लपून ओढायची नाही. घरात, माझ्यासमोर बसून ओढायची."

जावयाने सासूसमोर सिगारेट पेटवायची! साडूभाऊंनी आरशातून त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांचे कान लाल झाले. दुकानातून माणसं कॉफीचे कप घेऊन बाहेर पडत होती. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "ते यंत्र वाईट नव्हतं हो. तुम्ही मला खोटं सांगितलंत म्हणून ते पेटलं. टॉर्च आहे म्हणालात, मी टॉर्चसारखी उभी केली. आता दुसरं करा, आणि या खेपेला मला सगळं शिकवा." यावर साडूभाऊ रडले. मी चटकन बाहेर उतरून गाडीची काच पुसत बसलो.

दुसरं यंत्र झालं. त्याचं बटण साडूभाऊंनी खोलगट बसवलं, म्हणजे उभं केलं तरी दाबलं जाऊ नये. ते दाखवताना भोकांचा मुद्दा आला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह." साडूभाऊंना एवढी गुणी शिष्या आयुष्यात मिळाली नव्हती. पुण्याला निजायच्या आधी गॅसचा रेग्युलेटर बंद केला का हे जसं त्या घरभर विचारत, तसं आता "बॅटरी काढली?" हे सुरू झालं. रविवारी वर्तमानपत्राच्या एका बाजूला त्या अळिवाचे लाडू वळायच्या आणि दुसऱ्या बाजूला साडूभाऊ आटे पुसायचे. रसायनातलं निकोटिन किती उरलं हेही त्याच विचारायच्या, आणि ऑक्टोबर सरेपर्यंत ते उरलं नाही. पुढे पुढे साडूभाऊ यंत्र पुसून तसंच ठेवून द्यायला लागले. सासूबाई विचारायच्या, "आज नको?" ते म्हणायचे, "राहू द्या."

पुढच्याच वर्षी त्यांचा प्रोजेक्ट संपला आणि ते पार पश्चिम किनाऱ्याकडे, बेलव्ह्यूला गेले. आम्ही शॉमबर्गमध्येच राहिलो. आमच्या घरातला स्मोक अलार्म आता कुणी तपासत नाही. फोन होतात, पण फोनवर साडूभाऊ निम्मेच येतात. त्यांना झाडू हातात घेतलेलं बघायला हवं. मला त्यांची फार आठवण येते, आणि येते तेव्हा ते दिसतात हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये.

नोव्हेंबरातली सकाळ होती, बाहेर बर्फ भुरभुरत होता. नर्सने दार उघडून सांगितलं, मुलगी झाली, आई छान आहे, आत या. सासूबाई आणि माझी बायको लगबगीने आत गेल्या. साडूभाऊ गेले नाहीत. ते वॉशबेसिनपाशी जाऊन हात धुऊ लागले. धुतले, पुसले, पुन्हा धुतले. मग माझ्यासमोर येऊन त्यांनी दोन्ही हात माझ्या नाकाशी धरले. एका तळव्यावर भाजल्याचा गुलाबी डाग अजून होता. "बघ बरं, वास येतो का?"

मी बोटं हुंगली. साबणाशिवाय कसलाच वास नव्हता. "नाही," मी म्हटलं.

"नीट बघ नं यार. उजव्याचा. ती याच बोटांत असायची."

मी पुन्हा हुंगलं. "नाही साडूभाऊ. खरंच नाही."

जन्मात कुणाच्याही शब्दावर विसंबून न राहिलेला तो माणूस त्या दिवशी माझ्या शब्दावर विसंबून आत गेला.